गल्याथाचा चेहरा

भटवाडी, घाटकोपर
१९ मे २०२५

मनाली, सलाम.

तुमच्याकडे पत्राची सुरुवात अशीच करतात, हे तूच मला सांगितलं होतंस. फोनवर तू मला ब्लॉक केलंस. ताईच्या नंबरवरून लावला, तर तिलाही केलंस. म्हणून टपाल. टपाल ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. तुझ्या पद्मजा आत्याचा नगरचा पत्ता कुणी दिला ते विचारू नकोस, आणि चर्च झाडणाऱ्या शांताबाईंवर उगाच संशय घेऊ नकोस.

मुद्द्याचं लिहितो. चार मेला तुमच्या चर्चच्या हॉलमध्ये जे झालं, ते मी मुद्दाम केलं नाही. तू मला एक वाक्यही बोलू दिलं नाहीस आणि दोन दिवसांत बॅग भरून गेलीस, म्हणून क्रमाने सांगतो.

सुट्टीतल्या शब्बाथ शाळेला, मुलांच्या रविवारच्या वर्गाला, तुझ्या पप्पांनी, म्हणजे सरांनी, यंदा विषय घेतला होता ‘शास्त्रातले महाकाय’. तूच मला म्हणालीस, ‘पप्पांना पुऱ्या मापाचा गल्याथ करून दे ना, मुलं वेडी होतील. तुझं कामच आहे ते.’ काम आहेच. अंधेरीच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर तेच करतो, सेटसाठी हत्ती सांगितला तर हत्ती, राक्षस सांगितला तर राक्षस. गल्याथ म्हणजे दाविदाने गोफणीने पाडलेला तो राक्षस; सरांनी शास्त्रातली उंची दिली, सहा हात आणि एक वीत. अठरा इंचांचा हात धरला तर पावणेदहा फूट. बांबूचा सांगाडा, त्यावर खुराड्याला लावतात ती जाळी, त्यावर कागदाचा लगदा. अंग आठ दिवसांत झालं. चेहरा राहिला आणि हातात तीनच दिवस उरले. आमच्या धंद्यात घाईत चेहरा केला, की डोळ्यांसमोर जो माणूस असतो तो उतरतो. हात आपसूक करत जातो. त्या तीन दिवसांत माझ्या डोळ्यांसमोर तुझे पप्पा होते. का होते, ते तुला ठाऊक आहे.

आपण दोघांनी त्यांना लग्नाचं सांगितलं. ते म्हणाले, ‘विचार करतो. तू बुधवारी चर्चला शास्त्राभ्यासाला ये, बस, ऐक.’ मी आलो. आणि त्यांनी नेमका नोहाच्या आधीचा भाग काढला. देवपुत्रांनी माणसांच्या मुली पाहिल्या, त्या देखण्या होत्या, त्यांच्याशी लग्नं केली, तेव्हा पृथ्वीवर महाकाय होते, मग देवाने पूर आणला. पुढे म्हणाले, काही विद्वान सांगतात की देवपुत्र म्हणजे शेथाचा देवभीरू वंश आणि त्या मुली काइनाच्या, विश्वासात नसलेल्या. म्हणजे नको तिथे सोयरीक केली आणि त्यातून पूर आला. तीस माणसं बसली होती. मी उभा राहिलो आणि म्हटलं, ‘सर, सरळ सांगा ना. ती माणसाची मुलगी म्हणजे मीच ना?’ लोक हसले. मी निघालो. दार आपटलं, ते वाऱ्याने.

चार मेला गल्याथावरची चादर ओढली आणि मुलं हसली. मुलंच ती, हसणारच. सर चिडले नाहीत, चिडलीस तू.

परत ये. समोरासमोर बोलू.

देवेश


घाटकोपर
२ जून २०२५

मनाली, सलाम.

उत्तर नाही. ठीक आहे.

काल मुलुंडला गेलो होतो. सरांना भेटायला नव्हे, माझी करवत आणि पक्कड हॉलवर राहिली होती ती आणायला. शांताबाई घंटेखालची जागा झाडत होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘आलास का रे बाबा हत्यारं न्यायला? ने, ने. आता इथं कुणाला काय बनवून हवंय.’

त्यांनीच सांगितलं. चार मेनंतर सर वर्गावर आलेले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी वर्गाची किल्ली आणि हजेरीची वही शांताबाईंकडे दिली आणि म्हणाले, ‘आता दुसरं कुणीतरी घेईल.’ दुसरं कुणी नाही; लहान वर्ग घेणारी तू, तीही नगरला. सव्वीस मुलं उपासनेत आईबापांशेजारी बसून पेंगतात. एकतीस वर्षं सरांचा एकही रविवार चुकला नव्हता. अंगात ताप असला तरी मफलर गुंडाळून यायचे, असं शांताबाई म्हणाल्या. हे सगळं त्या माझ्याकडे न बघता, झाडूकडे बघत बोलत होत्या.

हे मला माहीत नव्हतं. तू सांगितलं असतंस तर कळलं असतं.

वर्गात डोकावलो. गल्याथ कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली उभा आहे. नाक तेवढं ताडपत्रीला आतून ढुशी मारतं. आणि ओगाचा पलंग भिंतीला टेकून अर्धाच पडलाय. ओग म्हणजे बाशानाचा राजा, महाकायांतला शेवटचा उरलेला. त्याचा लोखंडी पलंग नऊ हात लांब, चार हात रुंद, असं शास्त्रात लिहिलंय. शेवटच्या धड्यासाठी सरांना तो हवा होता. मी दोन बाजू केल्या आणि मग तो बुधवार आला.

तू दिलेलं शास्त्र, ते मराठी बायबल, मी वाचतोय. इंप्रेस करायला नाही. मला सरांना उत्तर द्यायचंय. मोशेने बारा हेर पाठवले तो भाग सापडला. दहा जण परत येऊन म्हणतात, तिथे महाकाय आहेत, त्यांच्यापुढे आम्ही आमच्याच नजरेला नाकतोड्यांसारखे दिसलो. ते वाचलं आणि मला आमचे माणिकदा आठवले. वर्कशॉपचे मुख्य कारागीर. मागे एका सेटवर राक्षस उभा करायचा होता आणि नट होता पाच फूट आठ. मी त्याच्यासाठी उंच बूट करायला घेतले, तर माणिकदा ओरडले, ‘अरे येड्या, माणूस मोठा नसतो करायचा. दार लहान कर. खुर्ची लहान कर. पेला लहान कर. तो आपोआप वाढतो.’ केलं तसं. झकास दिसला.

म्हणजे महाकाय वगैरे कुणी नसतो. दारं लहान असतात. तुझ्या पप्पांनी त्या बुधवारी माझ्यासाठी दार लहान केलं, एवढंच मला दिसतं.

बाबांनी मला वाचताना पकडलं. चष्मा वर करून म्हणाले, ‘काय रे, बाटलास की काय?’ म्हटलं, नाही हो, महाकायांचं आहे. वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आमचो वेतोबा काय लहान आसा? पण तो गाव राखता. तेका बुडवूचो कित्याक?’ प्रश्न बरोबर आहे की नाही तूच सांग.

आठवतं, पहिल्यांदा तुमच्या घरी चहाला आलो तेव्हा मी सरांना आमच्या गावदेवाच्या, वेतोबाच्या, वहाणांचं सांगितलं होतं? हातभर लांब, चामड्याच्या, लोक नवसाला वाहतात, आणि वेतोबा रात्रभर गावाच्या वेशीवरून फिरतो म्हणून त्या झिजतात. मी लहानपणी त्यांतल्या एकाच वहाणेत दोन्ही पाय घालून उभा राहिलो होतो आणि आजोबांनी थोबाडलं होतं. तेव्हा सर हसले नव्हते. म्हणाले होते, ‘झिजतात म्हणजे तो चालतो. बसून राहत नाही. चांगलं आहे.’ मग तुला म्हणाले, ‘याला अजून एक शंकरपाळी दे.’

तोच माणूस बुधवारी असा का वागला, ते मला सांग.

देवेश


घाटकोपर
२१ जून २०२५

मनाली,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. बाबांच्या हाती पडलं, त्यांनी वाचलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. ‘मला लिहू नकोस. ज्यांना लिहायला हवं त्यांना लिही. पप्पा वर्गावर परत गेले तर आपण बोलू. नाहीतर नाही.’ तीन ओळी आणि सही नाही.

मी चिडलो. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये ओल्या साच्यावर हात मारला आणि सिंहाचा जबडा मोडला. माणिकदांनी मला अर्धा दिवस नुसतं बसवून ठेवलं.

मग मी मुलुंडला गेलो. सरांच्या इमारतीखाली वीस मिनिटं उभा राहिलो आणि वर न जाता चर्चला आलो. शांताबाईंनी चहा केला. मी त्यांना म्हटलं, ‘सरांनीच सुरुवात केली. बुधवारी माझं नाव न घेता मला हाणलं.’

शांताबाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, ‘तू शेवटपर्यंत होतास का रे?’

मी नव्हतो.

मी गेल्यावर काय झालं, ते त्यांनी सांगितलं. तुला ते माहीतच असणार, तू तिथेच होतीस. मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायला मी कुणाला जागाही दिली नाही. सर दाराकडे बघत राहिले म्हणे. मग म्हणाले, ‘हे झालं एक मत. दुसरं मत, देवपुत्र म्हणजे पतन पावलेले देवदूत. तिसरं मत, ते जुलमी राजे, कुणाचीही मुलगी उचलून नेणारे. मी तिन्ही तीस वर्षं वाचतोय. मला यातलं नक्की काहीही ठाऊक नाही. शास्त्र तिथे मुद्दाम थोडकं बोलतं.’ मग पुढचा भाग वाचायला लावला. माणसांच्या मनातलं सगळं वाईटच होतं, आणि देवाला माणूस केल्याचं वाईट वाटलं. सर म्हणाले, ‘महाकायांवर बोट ठेवून लोक हे वाक्य सोडून देतात. पूर महाकायांमुळे आला असं लिहिलेलं नाही. देवाच्या मनाला लागलं, असं लिहिलंय. ज्याच्या मनाला लागतं असा देव आपण मानतो. धड्यात लक्षात ठेवायचं ते हे.’

मग मंडळीतल्या कुणीतरी विचारलं, ‘पण सर, सोयरिकीचं काय?’ सर म्हणाले, ‘रूथ मवाबी होती, परक्या लोकांतली. तिच्या वंशात आपला प्रभू जन्मला. या अध्यायाची काठी करून कुणी माझ्या दारात येऊ नये.’

शांताबाई म्हणाल्या, ‘तुला सांगणार होते रे ते. म्हणाले, तो मुलगा आला की त्याला पुरतं सांगतो, अर्धंच ऐकून गेलाय. तू आलास तो थेट मूर्ती घेऊन.’

मी विचारलं, मग लग्नाला हो होतं का त्यांचं? त्यावर त्या म्हणाल्या, ‘हो नव्हतं. नाहीही नव्हतं. मला एवढंच म्हणाले, मुलगा हुशार आहे, हाताला गुण आहे, पण एक गोष्ट पुरी केलेली दाखवेल तर बरं.’

मनाली, कॉलेज मी हजेरीवरून सोडलं, हे तुला माहीत आहे. बावन्न टक्के भरली, परीक्षेला बसू देत नव्हते. नुसता अर्ज लिहायचा होता, बाकीच्या आठ जणांनी लिहिला आणि बसले. मी विभागप्रमुखांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर आलो. तू गेटपर्यंत माझ्या मागे धावत आली होतीस. सगळ्यांना मी सांगतो की त्यांनी मला काढलं. कुणी काढलं नव्हतं.

दार वाऱ्याने आपटलं नव्हतं, तेही लिहून टाकतो. आत पंखासुद्धा बंद होता.

बाकी जे लिहायचं आहे ते तुला लिहिण्यासारखं नाही.

दे.


घाटकोपर
६ जुलै २०२५

आदरणीय हिवाळे सर,
सलाम.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत मीच बरोबर निघत होतो, म्हणून फाडली.

गल्याथाला तुमचा चेहरा मी ठरवून दिला. मनालीला मी लिहिलं होतं की घाईत हाताने आपसूक केला. ते खोटं आहे. तुमच्या निरोपसमारंभातला फोटो, शाळेतून निवृत्त झालात तेव्हाचा, मी मनालीकडून मागून घेतला होता. फ्रेम करून देतो असं सांगितलं होतं. तो मी टेबलासमोर टाचला आणि त्यावरून मातीत काम केलं. नाक मुद्दाम थोडं वाढवलं. तुमच्या डाव्या नाकपुडीशेजारचा मस सगळ्यांत शेवटी लावला. वाटाण्याएवढी माती घेतली, बोटावर गोल केली आणि दाबली. ती दाबताना मला बरं वाटलं होतं. ज्याला कुणाला शंका राहिली असती, त्याची शंका त्या मसाने संपणार होती. माझे गुरू माणिकदा मागून बघत होते. म्हणाले, ‘हा कोण रे? चांगला माणूस दिसतो.’ मी चेहऱ्यावर ओलं फडकं टाकलं.

चार मेला मी हॉलच्या मागच्या खांबाशी उभा होतो. चादर ओढली तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारीच होता. तो पावणेदहा फूट आणि तुम्ही त्याच्या कमरेपर्यंत. आधी मुलांनी माना वर केल्या. मग कुणीतरी म्हणालं, ‘हे तर आपले सर!’ आणि सगळी हसली. पुढे नाटुकल्यात दाविदाने दगड मारायचा होता, मोज्यांचे गोळे केले होते. सगळीच मुलं मारायला लागली. ‘सरांना मारा, सरांना मारा’ असं ओरडत होती. त्यांना खेळ वाटला. तुम्ही टाळ्या वाजवत होता. गल्याथ पडेपर्यंत वाजवल्या, मग प्रार्थना घेतली, मुलांना खाऊ वाटला, आणि किल्ली शांताबाईंकडे दिली. तुम्ही प्रार्थनेत काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही, कारण तेव्हाही मी मधेच बाहेर गेलो होतो.

तुम्ही बुधवारी माझा अपमान केलात म्हणून मी हे सगळं केलं, असं मला वाटत होतं. तुम्ही काही केलंच नव्हतं, हे मला आत्ता कळलं. शांताबाईंनी बुधवारचा उरलेला भाग सांगितला. पण सर, तुम्ही खरंच मला बोलला असतात, तरी मुलांसमोर हे करायला नको होतं. ती मुलं तुमची होती. त्यांच्या हातून मी ते करवलं.

आमच्या कामात एक युक्ती आहे. माणूस महाकाय दाखवायचा असेल तर त्याच्याभोवतीच्या वस्तू लहान करायच्या. मनालीला मी लिहिलं होतं की तुम्ही माझ्यासाठी दार लहान केलंत. हेरांची गोष्ट मी पुन्हा वाचली. त्यांना नाकतोडा कुणी म्हटलं नव्हतं. ते स्वतःच स्वतःला दिसले. तुम्ही मला शंकरपाळी दिली होती, वेतोबाच्या वहाणांचं नीट ऐकून घेतलं होतं, ‘बस, ऐक’ म्हणाला होतात. मीच घाबरलो होतो, की पदवी नाही, तुमचा धर्म नाही, याला कोण मुलगी देणार. दार मी लहान केलं आणि तुम्हाला राक्षस केलं.

मनालीसाठी लिहीत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. तिने सांगितलंय की तुम्ही वर्गावर परत गेलात तरच बोलेन. पण तिने सांगितलं नसतं, तरी हे मला आता लिहावं लागलंच असतं. माफ करा असं लिहितो आहे, पण तुम्ही लगेच करावं अशी अपेक्षा नाही.

एक मागणं आहे. ओगाचा पलंग अर्धा राहिलाय. तो मला पुरा करायचा आहे. शास्त्रात लिहिलंय की माप माणसाच्या हाताचं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. माझा हात एकोणीस इंच भरतो. त्याने केला तर पलंग सव्वाचौदा फूट होईल आणि तुमचा वर्ग तेरा फुटांचा आहे. शिवाय तो वर्ग तुमचा आहे. तर तुमचा हात किती इंच आहे, एवढंच कळवा. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

आपला,
देवेश दत्ताराम राऊळ


घाटकोपर
३ ऑगस्ट २०२५

मनाली, सलाम.

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितोय. आज रविवार आहे आणि तुझी अट आज पुरी झाली. शांताबाईंनी कदाचित आधीच कळवलं असेल, त्यांचा फोन माझ्या टपालाआधी पोचतो.

मी सरांना पत्र लिहिलं. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती. सुतळीचा एक तुकडा होता, दोन्ही टोकांना गाठ मारलेला. टेपने मापला. सव्वासोळा इंच.

मी तो तुकडा माणिकदांना दाखवला आणि सगळं सांगितलं, मसापासून सुतळीपर्यंत. ते एकच म्हणाले, ‘वर्कशॉपच्या लाकडी रिपा घेऊन जा. आणि आता मधे उठलास तर तंगडं मोडीन.’

नऊ हात म्हणजे बारा फूट सव्वादोन इंच. रुंदी पाच फूट पाच. टेप वापरला नाही, सुतळीच धरून एकेक हात मोजला आणि पेन्सिलने खूण केली. तीन शनिवार लागले. वरून काळा रंग, त्यावर शिसपेन्सिलीची पूड घासली. हात लावेपर्यंत लोखंडच वाटतं. शांताबाईंनी हात लावून बघितला आणि म्हणाल्या, ‘गंजला कसा नाही?’

आज सकाळी वर्गात मी पलंगाचा शेवटचा पाय बसवत होतो. मुलं जमली होती, शांताबाईंनीच आणून बसवली होती. दारात सर आले. मफलर नव्हता, छत्री होती. मी उभा राहिलो. ते माझ्याकडे न येता पलंगाकडे गेले. कोपर पलंगाच्या कडेला टेकवलं आणि स्वतःच्या हाताने मोजत निघाले. एक, दोन, तीन. मुलं त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजायला लागली. नववा हात बरोबर टोकाला आला. सर म्हणाले, ‘बरोबर आहे.’ मला आजवर कुणी बरोबर आहे म्हणाल्याचं आठवत नाही. मला पुढचं थोडा वेळ नीट दिसलं नाही.

मग त्यांनी धडा घेतला. आधी मुलांना आडवं झोपायला लावलं. अकरा मावली, बाकीची ओरडत होती. चिंगळे नावाची ती लहान मुलगी आहे ना, दोन वेण्यांची, तिने विचारलं, ‘सर, ओग कसा दिसायचा?’ सर म्हणाले, ‘लिहिलेलं नाही. तो काय बोलायचा, काय खायचा, काही नाही. एवढा मोठा राजा, त्याचा उरला फक्त पलंग, तोही रिकामा.’ तिने विचारलं, ‘मग त्याचं माप कशाला लिहिलं?’

सर म्हणाले, ‘लोक घाबरले की मापं घेतात. ओगाचा पलंग किती, गल्याथ किती हात, त्याच्या भाल्याचं टोक किती वजनाचं, सगळं लिहून ठेवलंय. आता सांगा, प्रभू जन्मला त्या गव्हाणीचं माप कुठे दिलंय?’

मुलं पानं उलटायला लागली. सरांनी त्यांना शोधू दिलं. बराच वेळ. मीही शोधलं. मग ते म्हणाले, ‘नाही दिलेलं. कुणी मोजलीच नाही. आपला विश्वास त्या न मोजलेल्या गव्हाणीवर आहे. महाकाय खरे होते का, हे मला विचाराल तर मी होते म्हणेन, कारण त्यांना घाबरलेली माणसं खरी होती. पण गुडघे त्यांच्यापुढे टेकायचे नाहीत.’

मग चिंगळे म्हणाली, ‘सर, तुम्ही झोपून दाखवा.’ आणि मनाली, ते झोपले. चपला काढून, पलंगावर आडवे. रुंदीत. डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला, आणि तरी तीन इंच उरले. मुलं हसली. तेही हसले. चार मेचं हसू वेगळं होतं, आजचं वेगळं, हे मला सांगता येतं, कारण दोन्ही वेळा मी तिथे होतो.

वर्ग सुटल्यावर त्यांनी हजेरीची वही काढली. सव्विसाव्या नावाखाली रेघ ओढली आणि लिहिलं, ‘२७. देवेश राऊळ.’ मी म्हटलं, सर, मी कसा? ते म्हणाले, ‘वहीत नाव घालतोय. बाप्तिस्मा नाही देत. बापाला घाबरवू नकोस.’ आणि माझ्यासमोर ‘ह’ घातला. ‘गैरहजर राहिलास तर लाल शाई.’

माझ्या पत्राची, चेहऱ्याची एकही गोष्ट त्यांनी काढली नाही. गल्याथ अजून ताडपत्रीखाली आहे. मी स्वतःहून विचारलं, चेहरा फोडून टाकू का? ते छत्री उघडत म्हणाले, ‘बघू.’

नाताळपर्यंत एकही रविवार चुकवायचा नाही असं ठरवलंय; वीस आहेत. मी मोजले. त्यातला एक अडचणीचा आहे. एकतीस ऑगस्टला गणपतीसाठी आम्ही सगळे गावी असणार, आणि गणपतीला घरी नसेन तर बाबा मला वेतोबाच्या वहाणेने हाणतील. हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘गणपतीला जाऊ नकोस असं मी कशाला म्हणू? पण न सांगता जायचं नाही. रजेचा अर्ज लिही.’

कॉलेजात जो अर्ज लिहिला नाही, तो आता लिहायला बसतो.

तुझ्याकडून काही मागत नाही. पलंग पुरा झाला, एवढं तुला कळावं.

देवेश


दि. १७ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. श्यामकांत हिवाळे सर,
शब्बाथ शाळा, मुलुंड.

विषय: एक रविवार रजा मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या वर्गातील हजेरी क्रमांक २७ चा विद्यार्थी आहे. गणेशोत्सवासाठी कुटुंबासह गावी जात असल्याने दि. ३१ ऑगस्टच्या रविवारी मला वर्गास उपस्थित राहता येणार नाही. तरी एक दिवसाची रजा मंजूर करावी, ही विनंती. त्या दिवसाचा धडा व पाठांतर मी शांताबाईंकडून घेईन. रविवार दि. ७ सप्टेंबर रोजी सकाळी साडेआठ वाजता हजर राहीन.

वेतोबाच्या वहाणा यंदा किती झिजल्या, ते आपल्या सांगण्याप्रमाणे बघून येईन व कळवीन.

आपला आज्ञाधारक,
देवेश दत्ताराम राऊळ

(अर्जाच्या खालच्या बाजूस, लाल शाईत)

रजा मंजूर.

सात सप्टेंबरपासून लहान वर्ग पुन्हा मनालीबाई घेणार आहेत. त्यांचं नगरचं काम संपलं. त्या दिवशी दोन्ही वर्गांना मिळून गल्याथाचा धडा आहे, तेव्हा साडेआठला नको, आठला ये आणि ताडपत्री काढून ठेव.

चेहरा आहे तोच राहू दे. मुलांना ओळखीचा झालाय. फक्त येताना कानस आण. माझं नाक एवढं मोठं नाही.

श्या. हिवाळे